रेडिओच्या बातम्यांमागची माणसं: तुमचे अनुभव लिहा

नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली. तेव्हापासून बातम्या वाचणाऱ्यांचे आवाज लोक ओळखतात, पण बातमी निवडणारा, छाटणारा, वेळेत बसवणारा कोण, ते कोणी विचारत नाही. हे काम केलं असेल किंवा घरात पाहिलं असेल, तर लिहा. माणसांची नावं टाकू नका.

निवृत्तनाथ (वर्धेजवळ):
जवळपास तीस वर्षं हेच केलं. दहा मिनिटांचं बुलेटिन म्हणजे हजार-अकराशे शब्द, त्यातच ठळक बातम्या दोनदा. कागद एका बाजूनंच लिहायचा, टाचणी लावायची नाही, आणि वाक्य पुढच्या पानावर जाऊ द्यायचं नाही. क्रियापद पलीकडे गेलं की वाचणारा थबकतो, आणि धरणाचे दरवाजे उघडले की उघडले नाहीत, हे क्षणभर कोणालाच कळत नाही.

१९९१ च्या जुलैअखेरीस वर्धा नदी नरखेड तालुक्यातल्या मोवाड गावात शिरली. फोन बंद. मृतांचा आकडा जो तो वेगळा सांगे. खात्री नाही तोवर आकडा नाही, हा नियम. म्हणून पहिल्या बुलेटिनला 'मोठ्या जीवितहानीची भीती' एवढंच लिहिलं. नरखेडकडचा एक जण फोनवर ओरडला, "माणसं गेली ना बावा, लपवून काऊन ऱ्हायले?" पुढे दोनशेवर माणसं गेल्याचं निघालं. मी केलं ते बरोबरच होतं. पण त्याला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते आजही सुचत नाही.

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा):
मी अंशकालीन वार्ताहर होतो. मानधनात पेट्रोलही भागत नसे, पोट शेतीवर. २००६ त पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच आठवड्यात आत्महत्या झालेल्या एका घरी गेलो. कॅमेरे आधीच येऊन गेलेले. माय म्हणाली, "तुमच्या डब्यात फोटो येत नाही ना? मंग बसा." तासभर बोलली. प्रसारित झाले चाळीस सेकंद, आणि त्यातही आवाज माझाच.

संत्राबर्फी:
बाबा याच कामात. सकाळपाळीला साडेचारला उठत. पोळा, दिवाळी, मतमोजणी, सगळं ड्युटीत. घरी असले तर बातम्या संपेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. कुकरची शिट्टीसुद्धा आई हातानं धरायची!

कॅज्युअल कार्टी:
आमची जमात वेगळी, कायम नोकरी नाही, ड्युटीपुरतं बोलावतात. महिन्याला सहा ड्युट्या, बाकीचे दिवस ट्यूशन. टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून आलेल्या बातम्या कागदावर छापणारं यंत्र, कधी पाहिला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ढिगातून बातमी उपसायची. मागच्या पावसाळ्यात उमरखेडचा पूर मी उमरेडला नेला. एक पार नांदेडच्या वाटेवर, दुसरं नागपूर जिल्ह्यात! बुलेटिन संपायच्या आत फोन: "आमच्या इथं तं ऊन पडलं हाय बाई, कोणाच्या घरात पाणी घुसलं?" पुढच्या बुलेटिनला दुरुस्ती गेली. त्या रात्री जेवले नाही.

निवृत्तनाथ:
पोरी, जेवत जा. उमरेड-उमरखेड माझ्याकडूनही झालंय. ते पकडलं होतं चहा आणणाऱ्या पोरानं. त्याचं गाव उमरखेड. तेव्हापासून गावापुढे जिल्हा लिहिल्याशिवाय कागद आत पाठवला नाही. आणि पावसाची बातमी असली की आधी त्या पोराला वाचून दाखवायचो.