मदत हवी आहे : सफरचंदाच्या आतला तपकिरीपणा स्कॅनमध्ये कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. शीतगृहातल्या ब्रेबर्न सफरचंदांचे सीटी स्कॅन करतेय. साठवणीत कार्बन डायऑक्साइड वाढला की हे वाण आतून तपकिरी पडतं, वरून मात्र टवटवीत! (आपल्या हापूसच्या साक्यासारखंच, कापेपर्यंत पत्ता नाही.)

निरोगी गरात बरीच हवा असते. पेशी फुटून रस त्या जागेत शिरला की तो भाग स्कॅनमध्ये उजळ दिसतो, पुढे सुकून पोकळी झाली की काळा. पण वॉटरकोअरही (पेशींमधल्या जागेत रस साचून गर काचेसारखा दिसतो, तो दोष) उजळच दिसतो. सुरुवातीला या दोघांत फरक कसा करायचा? एमआरआयने काही साधेल का? कापून पडताळतेच आहे, पण कापलेलं फळ पुन्हा साठवता येत नाही ना. कुणी केलं असेल तर सांगा.