मदत हवी आहे : सरकारी दवाखान्यात एचआयव्ही टेस्ट, आधार लागतंच का?

नमस्कार मंडळी, विषय जरा नाजूक आहे, प्लीज टिंगल नको. माझ्या मित्राला एचआयव्ही टेस्ट करून घ्यायचीय (हो, खरंच मित्राला, मी फक्त टाईप करतोय). सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही काउन्सेलिंग आणि टेस्टिंगचं सेंटर) ती फुकट होते, आधी काउन्सेलिंग मग रक्त घेतात, इथपर्यंत माहितीय. पण तो गेला तर केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने मागे एवढी लाईन असताना मोठ्याने विचारलं कसली टेस्ट, कोणी पाठवलं, आधार कुठंय, मग हा बिचारा "काही नाही, ताप आहे" म्हणून परत आला. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात संमती आणि गुप्तता दोन्ही लिहिलंय, ते खिडकीवरच्यांना कोणी सांगत नाही वाटतं.

तर केसपेपर न काढता डायरेक्ट आयसीटीसीच्या खोलीत गेलं तर घेतात का? डॉक्टरची चिठ्ठी किंवा आधार नसेल तर परत पाठवतात का? एचआयव्हीच्या 1097 हेल्पलाईनवर कोणी हे विचारलंय का?

दुसरं म्हणजे विंडो पिरियड, म्हणजे लागण झाल्यापासून ती टेस्टमध्ये दिसेपर्यंतचा काळ. ज्यातून लागण झाली असेल अशी भीती आहे त्या प्रसंगाला महिना होऊन गेलाय, आत्ता निगेटिव्ह आली तरी तीन महिने झाल्यावर परत करावी लागणार हे धरूनच चाललोय, पण तेव्हा वेगळ्या सेंटरला गेलं तर चालतं की पहिलीकडचेच कागद मागतात?

प्रायव्हेट लॅबचे सल्ले नकोत, त्याला ते परवडत नाही. स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगा, इथे नको वाटलं तर मेसेज करा.