मदत हवी आहे : फुलावरच्या हॉवरफ्लायचे डोळे आणि पंख एकाच छायाचित्रात स्पष्ट कसे मिळवावेत?

बागेतल्या फुलांवर येणाऱ्या हॉवरफ्लाय, म्हणजे गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असूनही अजिबात डंख न मारणाऱ्या या दोन पंखी माश्या, मी काही महिन्यांपासून १०० मिमी मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून छायाचित्र घेण्याच्या भिंगाने) टिपत आहे. पहाटेच्या गारव्यात त्या सुस्त असल्याने जवळ जाऊ देतात. परंतु त्याच वेळी प्रकाश अपुरा असतो, आणि ऊन चढल्यावर माझी सावली पडताच त्या उडून जातात.

मुख्य अडचण फोकसची आहे. १:१ विशालनाला (म्हणजे संवेदकावर माशीची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराएवढी पडत असताना) लेन्सचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवूनही स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती, जेमतेम दीड मिलिमीटरच्या आसपास मिळते, त्यामुळे डोळे रेखीव आले की पोटावरचे पट्टे धूसर होतात. छिद्र आणखी लहान केले, तर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) संपूर्ण चित्रच मऊ पडते. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसची अनेक चित्रे एकत्र जोडणे) करून पाहिले, मात्र परागकण खाणारी माशी क्षणभरही स्थिर राहत नसल्याने चित्रे नीट जुळत नाहीत. माशीला थंड करून छायाचित्र घेणे मला मान्य नाही, म्हणून तो पर्याय कृपया सुचवू नये.

कमी शक्तीवरच्या फ्लॅशचा झोत अत्यंत अल्पकाळ टिकत असल्याने हालचाल गोठते, हे अनुभवले आहे. पण त्या मोठ्या संयुक्त डोळ्यांवर पांढरे ठिपके उमटतात आणि त्यांची सुंदर तांबूस छटा हरवते. फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर कोणत्या आकाराचा असावा आणि माशीपासून किती अंतरावर धरावा? शिवाय विशालन १:२ इतके कमी ठेवून नंतर चित्र कातरणे अधिक योग्य ठरेल का?