वार पुढच्या भिंतीवर असताना : आपापले अनुभव लिहा

विसाव्या आठवड्याच्या आसपास होणाऱ्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘प्लासेंटा अँटेरिअर’ असे दोनच शब्द असतात. डॉक्टर त्यावर बहुधा काही बोलत नाहीत, कारण वार, म्हणजे बाळाला नाळेने जोडलेली प्लासेंटा, गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असणे हा आजार नाही. ती पुढे असते, मागे असते, वर किंवा बाजूलाही असते. घरी आल्यावर मात्र तेच दोन शब्द झोप उडवतात. माझ्या मुलीच्या वेळी, २०२१ साली, मला त्याचा अर्थ सांगायला कोणी नव्हते. उलट गर्भलिंग जाणून घ्यायचे नाही असे लिहून, सही करून मी आले होते, आणि वार कोणत्या भिंतीला आहे यावरून मुलगा की मुलगी याचे भाकीत घरात संध्याकाळपर्यंत तयार होते. ते भाकीत चुकले, हे सांगण्यात मला आजही थोडा आनंद होतो.

ज्यांची वार पुढे होती त्यांनी हालचाल केव्हा आणि कुठे जाणवली, तपासण्यांत काय वेगळे घडले आणि बाळंतपण कसे झाले हे सविस्तर लिहावे. एक विनंती आहे : ‘पुढे’ आणि ‘खाली’ यांची गल्लत करू नये. वार पुढच्या भिंतीला वरच्या बाजूस असणे वेगळे आणि ती गर्भपिशवीच्या तोंडाजवळ किंवा तोंडावर असणे वेगळे.

नाशिक, पहिले बाळंतपण

माझ्या जावेला अठराव्या आठवड्यात बाळ हलताना कळले होते, त्यामुळे विसावा उलटल्यावर मी रोज रात्री पोटावर हात ठेवून वाट पाहत बसे. बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये वारेची जाड गादी असल्याने समोरून मारलेली लाथ तिच्यातच जिरते, हे डॉक्टरांनी समजावले. चोविसाव्या आठवड्यापर्यंत काहीच जाणवले नाही तर मात्र वाट न पाहता यायला सांगितले. तेविसाव्यात पहिली हालचाल जाणवली ती पोटाच्या मध्यावर मुळीच नव्हती, ती खाली ओटीपोटात आणि डाव्या कुशीला होती. आधीचे दोन आठवडे मी तिला गॅस समजत होते. यजमानांना बाहेरून हाताला लागायला सातवा महिना उजाडला. बाळंतपण नैसर्गिक झाले आणि वारेमुळे काहीही अडले नाही.

सोलापूर, प्रसूतिकक्षातून निवृत्त झालेली परिचारिका

वार पुढे असली की बाळाचे ठोके शोधायला वेळ लागतो. नळीने किंवा डॉपलरने (ठोके ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने) ऐकताना समोर आधी सूं-सूं असा वाहत्या रक्ताचा आवाज येतो, आणि त्याची गती आईच्या नाडीइतकीच असते. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात, म्हणून मी एक हात आईच्या मनगटावर ठेवूनच ऐकत असे आणि पोटाच्या बाजूंकडे सरकत असे. हे लिहिण्याचे कारण म्हणजे हल्ली घरी वापरायचे डॉपलर मागवले जातात. त्यात ठोके सापडले नाहीत तर आई विनाकारण घाबरते, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्याच नाडीचा आवाज बाळाचा समजून ती निश्चिंत होते.

लीड्स, इंग्लंड

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे, तरी हे लिहिताना हात थांबतो. सव्विसाव्या आठवड्यानंतर तिची लय मला कळू लागली होती : रात्री जेवणानंतर तासभर उजव्या कुशीत धडपड आणि पहाटे पुन्हा थोडी. तेहतिसाव्या आठवड्यात दोन दिवस ती लय मंदावली. आईला फोन केला तेव्हा तिने, आणि शेजारच्या मराठी मैत्रिणीनेही, तुझी वार पुढे आहे ना, मग तसेच असणार, असे सांगितले. मीही ते मानून एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी मिडवाइफला (प्रसूतिसेविकेला) विचारले तेव्हा तिने फोनवरच सांगितले की वार आधीही पुढेच होती आणि तरी तुला हालचाल कळत होती. मग बदलले ते वारेचे स्थान नव्हे, बाळाची हालचाल बदलली आहे, तेव्हा लगेच निघ.

त्या दिवशी ठोक्यांचा आलेख चांगला आला आणि मी ओशाळून परतले. आठवड्याभराने पुन्हा तसेच झाले तेव्हा जाऊ की नको यात अर्धा दिवस गेला, कारण उगाच घाबरणारी बाई ठरण्याची लाज वाटत होती. गेले ते बरे झाले. त्या वेळी केलेल्या सोनोग्राफीत बाळाची वाढ मंदावलेली दिसली, त्यानंतर वारंवार डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) झाली आणि सदतिसाव्या आठवड्यात कळा आणून प्रसूती केली. मुलगी दोन किलो शंभर ग्रॅमची होती आणि लगेच रडली.

भारतात माझ्या बहिणीला सकाळ, दुपार, रात्र एकेक तास हालचाली मोजून वहीत लिहायला सांगितले होते; इथे ठरावीक आकडा न देता आपल्या बाळाची नेहमीची लय ओळखा असे सांगतात. मला वही आवडली असती.

पणजी

माझा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे आणि गर्भजल तपासणी करावी लागली होती. वार पुढे असल्याने सुई घालायला मोकळी जागा शोधण्यातच बराच वेळ गेला. माझ्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत म्हणून तपासणीनंतर अँटी-डीचे इंजेक्शन दिले, पुढे अठ्ठाविसाव्या आठवड्यात दुसरे आणि बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाल्याने प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत तिसरे.

अमरावती

बाळ पायाळू होते. डॉक्टरांनी सदतिसाव्या आठवड्यात बाहेरून हातांनी ते फिरवण्याचा प्रयत्न केला, पण वार पुढे असली की हाताखाली बाळ नीट सापडत नाही असे त्यांनी आधीच सांगितले होते, आणि ते फिरले नाही. सिझेरियनच्या वेळी वार कापली जाईल ही माझी भीती निराधार होती. चीर गर्भाशयाच्या खालच्या भागात घेतात आणि माझी वार वर होती. पायाळू मुलाच्या लाथेने पाठीची उसण जाते म्हणून गल्लीतल्या तीन आजी नंबर लावून बसल्या आहेत.

सांगली जिल्हा, दुसरे बाळंतपण

माझे पहिले सिझेरियन होते. दुसऱ्या वेळी वार पुढे तर होतीच, शिवाय पिशवीच्या तोंडावर आलेली होती. गर्भाशय वाढते तशी वार वर सरकते, असे मला सगळ्यांनी सांगितले आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत ते खरेही असते. माझी सरकली नाही. बत्तिसाव्या आठवड्यात रंगीत डॉपलर झाला आणि नंतर एमआरआय. जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशयाचे अस्तर शाबूत राहिलेले नसते. तिथे वार बसली तर ती स्नायूत रुजू शकते आणि मूल झाल्यावर सुटून पडत नाही. माझ्या बाबतीत तेच झाले होते.

मला एकदाही रक्त गेले नव्हते, काही दुखत नव्हते, त्यामुळे मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दाखल व्हायला सांगितले तेव्हा सासूबाईंना ते पटेना. यजमानांनी रक्तदाते जमवले. छत्तिसाव्या आठवड्यात ठरवून शस्त्रक्रिया झाली, सहा पिशव्या रक्त लागले आणि गर्भाशय काढावे लागले. मुलगा तीन दिवस काचेच्या पेटीत होता. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पहिले सिझेरियन नसलेल्या आणि वार वर असलेल्या बाईने यातले काहीही मनाला लावून घेऊ नये. परंतु आधी सिझेरियन झाले आहे आणि वार पुढे व खाली आहे, अशा बाईने ‘सरकेल आपोआप’ एवढ्यावर थांबू नये.

लातूर, तेविसावा आठवडा

सांगलीच्या ताईंचे वाचून काल अहवाल पुन्हा काढला. माझेही पहिले सिझेरियन आहे, वार पुढच्या भिंतीला आहे आणि पिशवीच्या तोंडापासून १२ मिलिमीटरवर आहे. मी इतके दिवस फक्त ‘पुढे’ हाच शब्द वाचत होते. आज डॉक्टरांना सरळ विचारले, तेव्हा बत्तिसाव्या आठवड्यात जुन्या टाक्यांची जागा मुद्दाम पाहून घेऊ असे त्यांनी कार्डावर लिहून दिले. सातव्या महिन्यात माहेरी जायचे ठरले होते, तिथून सोनोग्राफीचे केंद्र ४० किलोमीटरवर आहे, म्हणून ओटीभरण इथेच उरकावे असे आईला कळवले आहे. ती जरा रुसली आहे. तपासणी झाली की इथेच लिहीन.