नॅनोकण घातले की गंज कमी होतोच असं नाही

धातूत नॅनोकण (नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक कण) मिसळले की त्याचा गंजरोध वाढतो, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे हे. कण कोणता आणि तो किती नीट पसरलाय, यावर सगळं ठरतं.

अॅल्युमिनियमचंच घ्या. त्याला वाचवतो तो पृष्ठभागावरचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर. अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, विद्युतरोधक असल्यामुळे त्याचे कण आजूबाजूच्या धातूशी गॅल्व्हॅनिक जोडी (बॅटरीसारखी जोडी, जिच्यात एक पदार्थ झिजतो) जमवत नाहीत. ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूब या कार्बनच्या रूपांचं तसं नाही. कार्बन विद्युतवाहक, शिवाय अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी उदात्त, म्हणजे सहज न गंजणारा. मिठाचं पाणी मिळालं की कार्बन कॅथोड (जोडीतलं न झिजणारं टोक) होतो आणि त्याला खेटून असलेला धातू झिजायला लागतो. त्यात तापमान जास्त असेल तर कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या सीमेवर अॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते नुसत्या ओलाव्यानेही विघटित होऊन मिथेन सोडतं, म्हणजे सांधा आतूनच पोखरला जातो.

गुठळ्या झाल्या तर चांगला कणही घात करतो. गुठळीभोवती सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांत क्लोराइड साचतं आणि पिटिंग (खड्डे पाडणारा गंज) तिथूनच सुरू होतं. मला तर हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि चर्चेत नेमका तोच सुटतो.

निकेलच्या विद्युतलेपनात सिलिकॉन कार्बाइडचे कण विखुरले तर मात्र फायदा दिसू शकतो: निकेलचे स्फटिकदाणे बारीक होतात, क्लोराइडला आत शिरायची वाट वळणावळणाची होते.

म्हणून धातू किती कठीण झाला या आकड्यांवरून गंजरोधाचा अंदाज बांधू नका. ध्रुवीकरण चाचणी (विद्युतदाब बदलत गंजाचा प्रवाह मोजण्याची चाचणी) कराच, आणि तुकडा काही आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवून त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघा.