हाइनरिख कोट्टा कोण होता? झाडं लावाले शास्त्र कायले लागते?

रानवाट_यवतमाळ:
भाऊ हो, वनरक्षक भरतीच्या नोट्समधी हाइनरिख कोट्टा नावाच्या जर्मन माणसावर एकच ओळ हाय, वनशास्त्राच्या जनकांपैकी एक, बस. पण त्यानं केलं काय? आमचे बाबा म्हणतात झाडं लावाले शास्त्र कायले लागते, त्यायनं शेताच्या धुऱ्यावर सागवान लावलं ते आपल्या मनानंच. कोणाले माहीत असन तर सांगा न, पेपरापुरतं नाही, खरंच वाचाचं हाय.

आलापल्लीकर:
१७६३ चा जन्म, थुरिंजियातला, बापही जंगलाच्याच नोकरीत. १८१७ च्या आपल्या पुस्तकात त्यानं स्वतःले जंगलाचं लेकरू म्हटलं हाय, जन्मला त्या जागी आता घर नाही, जुने ओक अन् बीच उभे हायेत म्हणे. त्या काळात तिकडं खाणी, मिठाच्या भट्ट्या, लोखंडासाठी कोळसा, सगळ्याले लाकूडच लागे, अन् ते संपते का काय अशी धास्ती होती. याची खरी कामगिरी मोजणीची. जंगलाची मोजणी करायची, नकाशा काढायचा, कोणत्या तुकड्यात किती लाकूड हाय, कोणता कधी तोडायचा अन् तिथं परत काय उभं करायचं हे आधीच ठरवायचं. आपल्याकडं कूप पाडतात न, म्हंजे तोडीसाठी जंगलाचे तुकडे आखतात, त्याच खानदानातलं समजा. झिलबाख गावात पोरं शिकवाले सुरुवात केली, १८११ मधी शाळा ड्रेस्डेनजवळच्या थारांटले नेली, १८१६ ले ती सरकारी अकादमी झाली. तिथं आजही वनशास्त्र शिकवतात.

पऱ्हाटीवाला:
एक मोठी गोष्ट राहिली. १८१९ पासून त्यानं शेती अन् जंगल एकत्र करायचं लिहिलं, म्हंजे झाडं दूरदूरच्या रांगांत लावा, मधातल्या जागेत पीक घ्या, अन् सावली वाढली की पीक आवरतं घ्या. हे वाचून मले हसू आलं कारण मी हे ठेच खाऊन शिकलो, माझ्या धुऱ्यावर सागवान दाट, आता धुऱ्याजवळच्या तीन ओळींतल्या पऱ्हाट्या गुडघ्याच्या वर जात नाहीत, बोंडंही मोजून चार. अन् तोडतो म्हटलं तर परवानगीचे कागद घेऊन दोन उन्हाळे चकरा मारल्या. ब्रह्मदेशात ब्रांडिसनं सागवानाच्या रोपांमधात धान घेऊ दिलं तेही याच जातीचं काम, तोही जर्मनच, १८६४ मधी आपल्या देशाचा पहिला वन महानिरीक्षक झाला.

आलापल्लीकर:
बरोबर, पण ब्रांडिस मूळचा वनस्पतीशास्त्राचा माणूस, त्याले कोट्टाचा चेला समजू नका, पेपरात गोंधळ होईल. अन् पुढं सॅक्सनीत, म्हंजे थारांट हाय त्या जर्मन मुलखात, सगळीकडं स्प्रूस या एकाच सूचीपर्णी जातीची झाडं लावत गेले त्याचं सगळं खापर कोट्टावर फोडतात ते मले पटत नाही, त्याच्यामागून आलेल्या हिशोबी लोकायचा त्यात जास्त हात हाय.

रानवाट_यवतमाळ:
लय भारी जी. तो मेला कसा, मंजे मान होता का त्याले?

आलापल्लीकर:
होता न. ८० वा वाढदिवस झाला तेव्हा ८० ओक लावले त्याच्यासाठी. १८४४ च्या ऑक्टोबरात गेला, ८१ व्याले पाच दिवस बाकी होते, त्याच झाडांत पुरला त्याले.

रानवाट_यवतमाळ:
बाबाले वाचून दाखवलं. म्हणे, त्याले परवानगी लागली नसन तोडाले. मंग टेप घेऊन धुऱ्यावर गेले, दोन झाडांत सहा फूटबी नाही.