पोरगी आली! (आणि एक विनंती)

(अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या ई-मेल लिस्टवरून)

खजिनदार, मुक्काम नागपूर:

नमस्कार मंडळी,

पोरगी घरी आली. घरी म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या घरी नव्हे, सध्या धरमपेठेत, सासूबाईंकडे. काराची (भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची) एनओसी झाली की जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश निघेपर्यंत मूल भारतातच आपल्याजवळ ठेवायची परवानगी मिळू शकते, ती आम्हाला मिळाली. सव्वादोन वर्षांची आहे. आदेशानंतर आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराखालचं प्रमाणपत्र, आमची नावं असलेला जन्मदाखला, पासपोर्ट आणि मग दिल्लीला वकिलातीत व्हिसा. एक झाल्याशिवाय दुसरं हलत नाही, त्यामुळे "तिकीट कधीचं?" याला सध्या उत्तर नाही.

फोटो मागताय, तेही नाही. अशा मुलांची ओळख माध्यमांत उघड करायला बालन्याय कायद्याची मनाई आहे. आदेश येईपर्यंत आम्ही ती व्हॉट्सअ‍ॅपलाही लावून घेतली आहे.

आता मुद्द्याचं. तिथे पोचल्यावर पहिले काही महिने तिला कुणी उचलायचं नाही, भरवायचं नाही, हातात खाऊ द्यायचा नाही. पडली, रडली, तरी आमच्यापैकी कुणीतरी येईपर्यंत थांबायचं. जवळ या, बोला, हसा, फक्त कडेवर घेऊ नका. उद्धटपणा वाटेल, मला माहीत आहे. पण या मुलीला सांभाळणारे हात आजवर पाळीपाळीने बदलत आले. दिवसाची मावशी वेगळी, रात्रीची वेगळी. त्या बायांनी जीव लावला आहे. केसांना रोज तेल लागलेलं दिसतंच. तरी भूक लागली की अमुकच माणूस येणार, हे तिला अजून ठाऊक नाही. ते पक्कं होईपर्यंत बाकीच्या हातांनी जरा मागे राहावं.

इथेही हे सोपं नाही. शेजारच्या काकू ओटीचं सामान घेऊन आल्या आणि पहिलंच वाक्य, "आणा इकडे पोट्टीले!" पोट्टी लगेच गेलीही. हात पसरले की ती कुणाकडेही जाते. काकू खूश. "काय गुणाची आहे हो, रडून नाही राहिली अजिबात!" सासूबाईंनी तिला तिथल्या तिथे परत घेतलं, माझ्याकडे दिलं आणि काकूंना म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या."

रात्री ती मध्येच जागी होते, पण आवाज नाही. अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेली असते आणि मान इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवत राहते. रडून कुणी येत नाही असा अनुभव असलेलं पोर रडत नाही. मुठीत पोळीचा तुकडा असतो, जेवताना लपवलेला. तो काढून घ्यायचा नाही असं आमचं ठरलंय. सकाळी चादरीत चुरा सापडतो.

— खजिनदार


सांस्कृतिक सचिव:

अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन!! मेल गाडीत बसून भरभर वाचला, नीट नंतर वाचते. तोवर सांगून ठेवते: ढोल-ताशा पथक विमानतळावर यायला एका पायावर तयार आहे, परवानगी काढू. बारसं आपल्या हॉलमध्येच. पाळणा माझ्याकडे. स्वागतनिधीला आजपासून सुरुवात, घरटी वीस डॉलर. फोटो पाठव गं!!


आबा:

चि. खजिनदारबाईस अनेक आशीर्वाद.

पोरगी आली हे वाचून फार बरं वाटलं. पुढचं वाचून मात्र जरा लागलं, आणि मनात ठेवायची माझी सवय नाही.

मी वर्ध्याचा. आमच्या वाड्यात कोणाचं पोर कोणाच्या मांडीवर जेवून राहिलं, हे पाहायला कोणाला वेळ नव्हता. आई विहिरीवर, आजी चुलीपाशी, पोर काकूच्या कडेवर. त्यातून आम्ही काही बिघडलो नाही. इथे परदेशात रक्ताचं कोणी नसताना आपण एकमेकांच्या पोरांचे आजी-आजोबा झालो, ते असेच. या पोरीला तर आधीच माणसांचा तोटा. तिला माणसं जास्त द्यायची की कमी? इथल्या मानसशास्त्राचं हे फॅड वाटतं बाप्पा. माझं चुकत असेल तर कोणीही सांगा, राग नाही.

— आबा


एक जुनी सभासद:

आबा, राग नाही म्हणालात म्हणून लिहिते.

तुम्ही काकूच्या कडेवर निवांत होतात, कारण आई विहिरीवर गेली आहे आणि घागर भरली की परत येणार आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. काकूच्या कडेवरून उतरून धावत जायला तुमच्यासाठी एक पदर ठरलेला होता. या मुलीला काकू भरपूर मिळाल्या, विहिरीवरून परत येणारं कुणी नव्हतं. तिला माणसं कमी करत नाही आहोत, क्रम लावतो आहोत.

आमची लेक नागपूरहूनच आली, १९९० च्या दशकात, साधारण याच वयाची. पहिल्या उन्हाळ्यात पार्कमध्ये एका अनोळखी बाईचं बोट धरून ती चालायला लागली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. सगळे म्हणायचे, किती धीट! त्यानंतर कितीतरी महिन्यांनी एकदा दुकानात तिने माझ्या पायाला मिठी मारून भोकाड पसरलं, मला सोडून बाबाकडेही जाईना. रांगेतले लोक वैतागले. आम्ही दोघं घरी येताना पेढे घेऊन आलो.

खजिनदारबाई, खाण्याचं दुसरं रूप पुढे दिसेल. गाल भरून ठेवतात आणि गिळत नाहीत. किंवा ताट पुढ्यात असेपर्यंत खातात, पोट भरल्याचं कळतच नाही. ताट झटकन उचलू नकोस. स्वयंपाकघरात तिच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात एक डबा ठेव, मुरमुरे, खारका, काहीही, पण तो कधी रिकामा दिसता कामा नये. आमच्याकडे तो डबा पहिलीपर्यंत होता. आणि दोघांपैकी एकालाच धरून बसली, दुसऱ्याला ढकललं, तर दुसऱ्याने मनाला लावून घ्यायचं नाही. त्याने खेळायचं, एकाने भरवायचं, हळूहळू अदलाबदल.

कागदांचं थोडं, कारण लिस्टवर त्या पिढीतलेही लोक आहेत. आमच्या वेळी परदेशी नागरिकांना भारतात दत्तक आदेश नव्हे, १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली पालकत्व मिळायचं, दत्तक इथे येऊन व्हायचं आणि नागरिकत्वासाठी वेगळा अर्ज. आता अमेरिकेच्या चाइल्ड सिटिझनशिप कायद्यामुळे आयएच-३ व्हिसावर (परदेशातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा) उतरलेलं मूल उतरताक्षणी इथलं नागरिक होतं. तो कायदा २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झाला आणि त्या दिवशी ज्यांना अठरा पूर्ण झाली होती ती मुलं त्यातून सुटली. ज्यांच्या घरी अशी, आता चाळिशीत गेलेली मुलं असतील त्यांनी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र कपाटात आहे ना, हे आजच बघा. "झालं असेल तेव्हाच" यावर राहू नका.


मंडळातली बालरोगतज्ज्ञ:

वरच्या मेलशी सहमत. माझे चार शब्द तब्येतीबद्दल, आणि यातलं पहिलं काम नागपुरातच उरकून घ्या.

विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) किती आहे हे नागपूरकरांना सांगायला नको. इथे अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन ही तपासणी होते. तुमची मुलगी त्या चाळणीतून गेलेलीच नाही, आणि इथल्या डॉक्टरच्या मनातही ते पटकन येणार नाही. साधी सोल्युबिलिटी चाचणी पुरेशी नाही, त्यात वाहक कोण आणि आजारी कोण हे वेगळं कळत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी तपासणी करून घ्या. वाहक निघाली तर सहसा औषध लागत नाही. आजार निघाला तर या वयात रोजचं पेनिसिलिन लागतं, आणि साधा तापसुद्धा घरी बघत बसायचा नसतो. सोबत लोहाची कमतरता आणि रक्तातलं शिसंही तपासायला सांगा.

दुसरं, कमरेवर किंवा ढुंगणावर निळसर-करडे डाग आहेत का बघा. आपल्या मुलांत ते सर्रास असतात, बहुतेकांचे लहानपणीच फिके होत जातात. पण इथल्या पाळणाघरातल्या नव्या बाईला ते मार लागल्याचे वळ वाटू शकतात, आणि मग चौकशीचं झेंगट मागे लागतं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून आणा आणि इथे पहिल्याच भेटीत नोंदवून ठेवा.

बीसीजी झालेलं असल्याने टीबीची कातडीवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. दोन वर्षांवरच्या मुलांची व्हिसाच्या मेडिकलमध्ये रक्ताची चाचणी होते, तो रिपोर्ट जपून ठेवा. लसींचं मूळ कार्ड हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

वजन-उंची इथल्या तक्त्यात बसली नाही तर घाबरू नका. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे वाढ ढोबळमानाने महिनाभर मागे पडते असं धरतात, आणि घरी आल्यावर बहुतेक मुलं ती भराभर भरून काढतात. बोलण्याचंही तसंच. पहिल्याच आठवड्यापासून तिच्यावर इंग्रजीचा मारा करू नका.


एक नवीन जोडपं:

लिस्टवर पहिल्यांदाच लिहितोय. आम्हीही विचार करतोय, दोघेही ओसीआय (मूळचे भारतीय, आता परदेशी नागरिक). सासर नागपूरचं आहे, तर तिथल्या एखाद्या संस्थेत ओळखीने भेटून अर्ज करता येतो का? आणि मूल आपल्याला बघून निवडता येतं का?


खजिनदार:

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, पोरगी झोपली आहे तोवर.

नव्या जोडप्याला आधी. नाही. ओळखीने संस्थेत जायचं, रांगेतून मूल पसंत करायचं, हे डोक्यातून काढा. अमेरिकेतल्या अधिकृत एजन्सीकडून होम स्टडी (घराची आणि पालकांची पाहणी), तिच्यामार्फत काराच्या पोर्टलवर नोंदणी. मुलाचा अभ्यास-अहवाल आणि वैद्यकीय अहवाल तुमच्याकडे येतो आणि ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही म्हणायचं असतं. नागपूर की नांदेड हे आपल्या हातात नाही. आम्हाला नागपूर मिळालं हा योगायोग. अमेरिकेच्या बाजूने आधी आय-८०० ए (आपल्या पात्रतेचा अर्ज), मूल ठरल्यावर आय-८०० (त्या मुलासाठीचा अर्ज). सप्टेंबर २०२२ पासून भारतात दत्तक आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आणि घरी पोचलं की संपलं असं नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल जातो. सामाजिक कार्यकर्ती घरी येते. तिला पोहे करून घालायचे की नाही, यावर आमच्या घरात एकमत नाही.

डॉक्टर, एचपीएलसी झाली. वाहक आहे, आजार नाही. निळे डाग आहेत, पाठीवर मोठा एक. पत्र घेतलं.

आबा, तुमचा मेल मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बरोबर म्हणून राहिले ते." मग जुन्या सभासदांचा वाचला, तर म्हणाल्या, "हेही बरोबर." तुमच्यासाठी एक काम काढून ठेवलंय. पोरगी नागपुरी बोलते. "नाई पायजे" हे तिचं सगळ्यात स्पष्ट वाक्य. तिथे गेल्यावर आमच्या दोघांच्या तोंडून पुणेरीच जास्त येणार. तुम्ही रविवारी येऊन व्हरांड्यात बसा आणि तिच्याशी वर्ध्याचं बोला. मांडीवर घेण्याची पाळी येईल तेव्हा पहिला नंबर तुमचा.

हे बाबा झालेत पण अजून मान्यता नाही. संस्थेत पुरुष फारसे नसतात, त्यात यांची दाढी. पहिले काही दिवस हे खोलीत आले की ती माझ्यामागे. मग यांनी एक युक्ती काढली. मृग बहाराची संत्री अजून बाजारात आहेत. हे लांब भिंतीला टेकून जमिनीवर बसतात आणि तिच्याकडे न बघता संत्रं सोलतात. शिरा काढायच्या, बी काढायची, फोड ताटलीत ठेवून ताटली तिच्या बाजूला सरकवायची. ताटली रोज थोडी कमी सरकते. काल तिने यांच्या गुडघ्याजवळ येऊन फोड घेतली आणि तिथेच उभी राहून खाल्ली. हे हलले नाहीत, श्वासही घेतला नसावा.

एक वस्तू हवी आहे. इथे कूलर लागले. त्याच्या घरघरीत ती शांत झोपते. वीज गेली आणि आवाज थांबला की ताडकन उठून बसते. तिथल्या आपल्या घरात तर रात्री फ्रिजही ऐकू येत नाही. कुणाच्या गराजमध्ये खडखडणारा जुना टेबल फॅन असेल तर तो टाकू नका. मोबाइलवरचा पंख्याचा आवाज करून पाहिला, तिला फरक कळतो.

सचिवबाई, आता नीट वाचलंत का? ढोल नको गं. पंधरा-सोळा तासांच्या विमानातून उतरलेल्या पोरीसमोर ताशा कडाडला तर ती परत विमानात जाऊन बसेल. बारसंही नको, तिला नाव आहे आणि त्या नावाला ती वळून बघते. ते आणि संस्थेतून मागून आणलेली, मुद्दाम न धुतलेली एक चादर, एवढंच तिचं जुनं सामान आहे. दोन्ही तसंच ठेवतोय. तिच्या जन्माबद्दल जी काय माहिती कागदांत आहे ती तिची आहे. आधी तिला कळेल, मग तिला वाटलं तर तुम्हाला.

स्वागतनिधी थांबवा आणि जमलेले पैसे ज्याचे त्याला परत करा. मंडळाच्या खात्यात चुकूनही टाकू नका, ऑडिटला उत्तर मला द्यावं लागतं. हॉलच्या डिपॉझिटचा चेक १५ तारखेच्या आत जायला हवा. चेकबुक आमच्या स्वयंपाकघरात डाव्या ड्रॉवरमध्ये आहे, घराची किल्ली शेजाऱ्यांकडे, सही उपाध्यक्षांची चालते.

— खजिनदार